पाचवा ड्रॉइंग मास्तर

भिवापूरच्या हायस्कुलातले हेडक्लार्क चंपतराव लांजेवार यांनी आयुष्यात हजारांनी सरकारी लिफाफे फोडले होते, आणि एकाही लिफाफ्यामुळे त्यांच्या डब्यातली भाकर कधी उरली नव्हती. त्या वर्षी डिसेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी आलेल्या लिफाफ्यानं मात्र ती तशीच घरी परत नेली. आत चार ओळी होत्या. यंदापासून मॅट्रिकच्या परीक्षेचं भिवापूर केंद्र बंद करण्यात येत असून सर्व परीक्षार्थींनी उमरेड केंद्रावर बसावं. खाली सही होती, आणि ती कुणाची हे कळू नये याची सही करणाऱ्यानं पुरेपूर काळजी घेतलेली होती.

उमरेड तिथून वीस मैल. मुलांचं काही अडणार नव्हतं. मुलं धर्मशाळेत पंधरा दिवस पडून राहतील, दोन वेळा चिवडा खातील आणि नापास होऊन परत येतील, हे शाळेला सवयीचं होतं. पण त्या वर्षी पहिल्यांदाच अकरा मुली मॅट्रिकला बसणार होत्या, आणि आपली मुलगी पंधरा दिवस परगावी ठेवायला अकरांपैकी एकही बाप तयार होणार नव्हता. चंपतरावांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्या अकरांपैकी एक बाप ते स्वतः होते.

रोज जाऊन-येऊन करावं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची, सकाळची गाडी उमरेडला पोचायची साडेअकराला, आणि पेपर सुरू व्हायचा साडेदहाला. एस. टी. तर दुपारी बारालाच निघायची.

संध्याकाळी त्यांचे थोरले भाऊ चंद्रभान ओसरीवर येऊन टेकले. त्यांना बातमी आधीच लागली होती.

"बरं झालं गा," चंद्रभान म्हणाले. "पवनीचं ते स्थळ पौष सरला की पुसाले येऊन राहिलं. परीक्षा नाही तं नाही. लगन तं भिवापुरातच होते ना? त्याचं केंद्र तं नाही हलवलं कोणी?"

स्वतःच्या विनोदावर ते पोटभर हसले. आतल्या खोलीत कंदिलाजवळ वाचत बसलेल्या सुभद्रेच्या पुस्तकाचं पान मात्र बराच वेळ उलटलं नाही. चंद्रभान गेल्यावर ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, मी पायी जाईन उमरेडले. पहाटे दोनले निघीन."

"काय वं बोलते, वीस मैल!" तिची आई जयवंताबाई ओरडल्या. पण पोरगी खरोखरच निघेल, याची चंपतरावांना भीती वाटली.

योगायोगानं त्या वेळी राजधानी नागपुरात होती. एरवी ती मुंबईला असते, पण थंडीत काही दिवस सगळं सरकार फायली आणि शिपायांसकट नागपुरात उतरतं, आणि तेवढ्यापुरती ती चाळीस-पंचेचाळीस मैलांवर येते. अधिवेशन शुक्रवारी संपणार होतं. शिक्षण खात्याचे उपमंत्री त्याच दुपारी विमानानं मुंबईला परतणार होते आणि केंद्रांची यादी सोमवारी छापायला जाणार होती. हेडमास्तरांनी परिस्थिती ऐकली, आपल्याला कणकण आहे असं जाहीर केलं आणि चंपतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. चंपतराव पाठ्यपुस्तकांसाठी वर्षातून दोनदा नागपूरला जात, म्हणजे राजधानीचा अनुभव त्यांनाच.

मंगळवारीच निघायचं असं त्यांनी ठरवलं होतं. दहा ओळींचा अर्ज लिहून तयार होता. गाडी साडेअकराला, पेपर साडेदहाला, अकरा मुली, केंद्र राहू द्यावं ही विनंती. पण शेजारी निवृत्त पोस्टमास्तर केशवराव राहत होते, आणि कोणताही कागद तसाच गावाबाहेर जाऊ देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"दहा ओळी?" केशवराव चष्म्यावरून बघत म्हणाले. "चंपतराव, दहा ओळींत म्हैस हरवल्याची वर्दी देतात. मंत्र्याला अर्ज करताना आधी गावाचा इतिहास हवा."

इतिहास आला. मग भूगोल आला, त्यामागोमाग मिरचीचं पीक, शाळेची इमारत, माजी हेडमास्तरांची सेवा आणि त्यांच्या मातोश्रींचं निधन. बुधवारी रात्री अर्ज अकरा पानांचा झाला होता आणि गाडीची वेळ नवव्या पानावर जाऊन बसली होती. त्यावर दीडशे सह्या आणि अंगठे घेण्यात गुरुवारची सकाळ गेली.

"अन् नकाशा?" केशवरावांनी दुपारी विचारलं. "मंत्र्याले काय माहीत भिवापूर कुठं आहे ते?" नाही म्हटलं तरी तीस वर्षं विदर्भात काढल्यानं त्यांच्या पुणेरी मराठीला मधूनच असं नागपुरी वळण लागायचं.

नकाशा काढायला शाळेत ड्रॉइंगचे मास्तर नव्हते. ती जागा सहा वर्षं रिकामी होती. तेव्हा चंपतरावांनी स्वतःच दोन हात लांबीचा कागद जमिनीवर पसरला आणि शाई घेतली. भिवापूर काढलं, उमरेड काढलं, मधून छोटी लाईन काढली. जंगल काढताना दौत किंचित कलंडली, त्यामुळे जंगल अपेक्षेपेक्षा दाट झालं. समोरच्या भीमाबाई मिरच्या वाळवता वाळवता येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "जंगल काढलं तं वाघ काहून नाही काढला? वाघ पायल्याबिगर मंत्री भेईल कसा?"

चंपतरावांनी वाघ काढला. तो बघून जयवंताबाईंनी विचारलं, "हे बकरी कोणाची जी?"

शुक्रवारी सकाळची गाडी उपयोगाची नव्हती, हे तर अर्जातच लिहिलेलं. म्हणून पहाटे मिरचीच्या ट्रकवर जागा मिळवली. केशवरावांनी स्वतःचा काळा कोट आणून दिला, 'राजधानीत माणसाला कोटावरून आत घेतात' या सल्ल्यासह. चंपतराव मिरचीच्या बोऱ्यांवर कोट घालून, बगलेत अर्ज आणि कुशीत नकाशाची सुरळी धरून बसले. सुभद्रा फाटकापर्यंत आली होती. ट्रक दिसेनासा होईपर्यंत ती तिथून हलली नाही, हे त्यांनी पाहिलं.

भिवापुरी मिरचीची कीर्ती त्यांनी जन्मभर ऐकली होती. पाच तास तिच्यावर बसण्याचा प्रसंग पहिलाच. कुहीच्या फाट्यावर चाक पंक्चर झालं आणि दुसरं चाक लावेपर्यंत दीड तास गेला. ट्रक इतवारीत पोचला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. चंपतरावांचे डोळे लालबुंद झाले होते, नाक वाहत होतं, आणि बघणाऱ्याला वाटलं असतं की हा माणूस घरातलं कुणीतरी पोचवून सरळ बाजारात आलाय.

"सिव्हिल लाईन!" ते सायकलरिक्षावाल्याला म्हणाले. "लवकर चाल गा, बाप्पा!"

रिक्षावाल्यानं त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आदरानं मान हलवली आणि जीव तोडून पायडल मारलं. पण सीताबर्डीच्या पुढे रस्त्यावर दोर बांधलेला होता. दोरामागे पोलीस आणि पोलिसांमागे घोषणा.

"मोर्चा आहे," रिक्षावाला म्हणाला. "अब पैदल जाना पडेगा, बाबूजी."

बारा वाजायला आले होते. विमान दोनचं. चंपतराव उतरले आणि दोराजवळच्या पोलिसाला गाठलं. रुपराव नावाचा तो शिपाई सकाळपासून ऊन खात उभा होता.

"साहेब, शिक्षणाच्या उपमंत्र्यांच्या बंगल्यावर जायचं आहे मले."

रुपरावनं त्यांचा काळा कोट पाहिला, कुशीतली कागदाची सुरळी पाहिली, आणि त्याचा चेहरा थोडा सैल झाला. "मंग इकडे काहून आले, मास्तर? तुमचे लोकं तिकडे उभे आहेत ना!" एवढं बोलून त्यानं दोर उचलला आणि त्यांना पाठीला हात लावून आत सरकवलं.

ते ज्या गर्दीत जाऊन पडले, तशी गर्दी त्यांनी कधी पाहिली नव्हती. साठ-सत्तर माणसं होती. पुष्कळांच्या अंगावर जुनेपाने काळे कोट, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कागदाची सुरळी. शिवाय पाट्या! मोर्चातल्या पाट्या म्हणजे डांबरानं रंगवलेलं काहीतरी, अशी त्यांची समजूत होती. इथल्या पाट्यांवरची अक्षरं बघून माणसानं मागणी विसरावी. एकेका अक्षराला सावली दिलेली, चारी बाजूंनी वेलबुट्टी, आणि मध्ये 'ड्रॉइंग शिक्षकांना इतर शिक्षकांप्रमाणे कायम करा'.

"मी त्यातला नव्हे," असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना शिंक आली. डोळ्यांतून पुन्हा धारा लागल्या.

"अहो, रडू नका," शेजारचे एक म्हातारे मास्तर म्हणाले. हे कन्हानचे देवाजी मास्तर. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "एकतीस वर्षं झाली मले, मी नाही रडलो. धरा, ही पाटी धरा जराशी. मी चष्मा पुसतो."

समोरच्यानं वस्तू पुढे केली की ती हातात घेणं हा चंपतरावांचा स्वभाव होता. त्यांनी पाटी धरली आणि अशा रीतीनं ते मोर्चात सामील झाले. भिवापूरचं कुणी आपल्याला या अवस्थेत पाहील, या भीतीनं त्यांनी पाटी तोंडासमोर धरली. ग्रँट घेणाऱ्या शाळेचा हेडक्लार्क, सरकारविरुद्ध, दिवसाढवळ्या, वेलबुट्टीसह!

पण खरी धडकी पुढेच भरली. बंगल्याच्या फाटकाजवळ अर्ज घेऊन आलेली पंचवीस-तीस माणसं उन्हात ताटकळत होती, आणि फाटकावरचा जमादार एकेकाला सांगत होता, "आज भेट बंद. साहेब निघून राहिले. अर्ज मुंबईले पाठवा." एक बाई हातातलं बाळ दाखवत होती, एक म्हातारा जमादाराच्या पाया पडत होता. जमादार कुणालाच आत सोडत नव्हता.

मुंबईला पाठवलेला अर्ज सोमवारी मुंबईला पोचत नाही, हे निवृत्त पोस्टमास्तरांच्या शेजाऱ्याला सांगायची गरज नव्हती.

साडेबाराला बंगल्यातून सोनेरी चष्म्याचे एक पी. ए. बाहेर आले. "ड्रॉइंग शिक्षक! साहेब पाच मिनिटं देतायत. पाच प्रतिनिधी. फक्त पाच!"

मोर्चाचे पुढारी अनंतराव पांढरीपांडे होते. नागपुरातल्या महाल भागातल्या एका शाळेचे, उंच, करारी, कानामागे पेन्सिल खोचलेली. त्यांनी नावं पुकारली. स्वतः एक, मग दोन, तीन, चार. "आणि देवाजी मास्तर!"

"आलो, आलो," देवाजी मास्तर म्हणाले, पण चष्मा पुसता पुसता त्याचा दोरा सुटला होता आणि काडी खाली पडली होती. ते वाकून जमीन चाचपडू लागले.

पुढे अनेक वर्षं चंपतराव ही गोष्ट सांगत तेव्हा म्हणत, की आपल्याला मागून धक्का बसला. घरी जयवंताबाईंना त्यांनी एकदाच खरं सांगितलं. धक्का कुणीही दिला नव्हता. फाटक अर्धवट उघडलं होतं, पी. ए. बोटांवर मोजत होते, म्हाताऱ्याची पाठ वळलेली होती, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पहाटे गावच्या फाटकाशी उभी राहिलेली सुभद्रा आली. त्यांनी पाटी भिंतीला टेकवली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"पाच!" पी. ए. म्हणाले, आणि फाटक बंद झालं. मागून आवाज आला, "अरे, मी राहिलो! मी पाचवा!" चंपतरावांनी वळून पाहिलं नाही.

व्हरांड्यात पांढरीपांड्यांची नजर त्यांच्यावर गेली. "तुम्ही कोण? देवाजी कुठं आहेत?"

"मी... भिवापूर," चंपतराव म्हणाले. नाव सांगण्यापेक्षा गाव सांगणं त्यांना कमी खोटं वाटलं.

"भिवापूर? भिवापूरच्या शाळेत ड्रॉइंगची जागा तर सहा वर्षांपासून रिकामी आहे. आमच्या निवेदनात पान चारवर आहे ते."

तेवढ्यात आतून हाक आली, "चला, चला, लवकर!"

उपमंत्री खुर्चीवर बसून बूट चढवत होते. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नुसता मोजा. दाराशी दोन बॅगा बांधून ठेवलेल्या. "बोला," ते म्हणाले, "मला दहा मिनिटांत निघायचंय."

पांढरीपांडे बोलू लागले. त्यांचं भाषण पाठ होतं आणि ते अजिंठ्यापासून सुरू होत होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात कलावंतांची मोगलांशी गाठ पडेपर्यंत साडेतीन मिनिटं गेली. चंपतराव भिंतीला पाठ लावून घड्याळाकडे बघत होते. यांचं आटोपलं की अर्ज पुढे करायचा, एवढाच त्यांचा बेत होता. पण मोगल काही आटपत नव्हते.

"मास्तर," उपमंत्र्यांनी दुसरा बूट हातात घेत त्यांना अडवलं, "इतिहास राहू द्या. काम दाखवा. तुमचे लोक काय करतात ते मला डोळ्यांनी बघू द्या. ते मागं उभे आहेत ना, काळा कोट, हां, डोळे पुसतायत ते. त्यांनी काय आणलंय?"

"नाही, ते..." चंपतराव म्हणाले आणि सुरळी छातीशी धरली. पण पी. ए. सरावलेले होते. त्यांनी ती काढून घेतली आणि टेबलावर उलगडून चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले.

खोलीत बाहेरच्या घोषणा शब्दन् शब्द ऐकू येऊ लागल्या. कलेला न्याय मिळालाच पाहिजे, असं बाहेर चाललं होतं.

उपमंत्री बूट हातात धरूनच टेबलावर वाकले. "हे तुमच्या संघटनेचं काम?"

पांढरीपांड्यांनी कपाळाला हात लावला. आपल्या पेशावर आलेला असा प्रसंग त्यांनी स्वप्नातही पाहिला नव्हता.

"ही शिडी कसली?"

"छोटी लाईन आहे जी," चंपतराव पुटपुटले.

"आणि हे शाई सांडलेलं?"

"जंगल."

"आणि या मांजराचं इथं काय काम?"

"तो वाघ आहे, साहेब."

उपमंत्री हसले. पी. ए. हसले. दारातला शिपाईदेखील तोंड फिरवून हसला. पांढरीपांडे हसले नाहीत. ते चंपतरावांकडे बघत होते, आणि त्या नजरेपुढे चंपतरावांना आणखी उभं राहवेना.

"साहेब, मी ड्रॉइंग मास्तर नव्हे," ते म्हणाले. "या लोकांचा अन् या नकाशाचा काही संबंध नाही. मी भिवापूरच्या शाळेतला कारकून आहे. एका मास्तरची जागा चोरून आत आलो. ते बाहेर उभे आहेत."

पी. ए. ताडकन पुढे आले. "जमादार! यांना पोलिसांच्या..."

"अन् मले हसा तुम्ही, काही हरकत नाही," चंपतरावांचा आवाज एकदम चढला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांनाही नवीन होतं. "माझा वाघ मांजरच आहे. पण अकरा पोरी आहेत, साहेब. अकराही घरी बसतात आता. एकीचा बाप मी आहे. तुमचं केंद्र हललं, अन् तिकडे पवनीचे पावणे पुसाले येऊन राहिले." पुढचं त्यांना आठवेना. त्यांनी अकरा पानं पुढे केली. घाईत सहावं पान निसटून बुटाशेजारी पडलं.

उपमंत्र्यांनी जमादाराला हातानं थांबवलं. पहिलं पान पाहिलं. तिथं गावाचा इतिहास होता. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, दुसरा बूट चढवला आणि नाडी बांधत म्हणाले, "अर्ज ठेवून जा. बघू."

चंपतराव वीस वर्षं सरकारी कागदांत वावरले होते. 'बघू' म्हणजे काय ते त्यांना चांगलं कळत होतं. ते पडलेलं सहावं पान उचलायला वाकले.

"थांबा." हा आवाज पांढरीपांड्यांचा होता. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली होती. चंपतरावांना क्षणभर वाटलं, आता हा माणूस आपल्याला भोसकतो. पण ते टेबलाशी गेले, नकाशा उलटा केला, मागची कोरी बाजू वर घेतली आणि चंपतरावांकडे न बघताच विचारलं, "शाळा स्टेशनच्या कोणत्या बाजूला?"

"पूर्वेले."

"गाडी किती वाजता पोचते उमरेडला?"

"साडेअकरा."

"पेपर?"

"साडेदहा."

पेन्सिल कागदावर चालू लागली. एक स्टेशन उभं राहिलं. धूर सोडणारं छोटं इंजीन आलं. डब्यातून उतरणाऱ्या मुली, वेण्या, छातीशी धरलेल्या वह्या. त्यांच्या डोक्यावर स्टेशनचं घड्याळ, साडेअकरा दाखवणारं. पलीकडे शाळेची इमारत, खिडकीतून दिसणारी, खाली माना घालून लिहिणारी मुलं, आणि बंद झालेलं दार. शेवटी एक मुलगी दाराच्या कडीला हात लावून उभी. याला फार तर दोन मिनिटं लागली असतील.

उपमंत्री बघत राहिले. "म्हणजे गाडीनं निघाल्या, तरी पेपर सुरू होऊन तास झालेला असतो?"

"होय जी. नवव्या पानावर आहे ते."

"मग पहिल्या पानावर काय आहे?" ते पी. ए. वर ओरडले, जणू इतिहास पी. ए. नीच लिहिला होता. मग खिशातून पेन काढून त्यांनी त्या चित्राच्याच कोपऱ्यात लिहिलं, 'भिवापूर केंद्र कायम ठेवावे', आणि खाली सही केली. ही सही वाचता येत होती.

बाहेर मोटार चालू झाल्याचा आवाज आला. उपमंत्री उठले. पांढरीपांडे म्हणाले, "साहेब, आमचं निवेदन..."

"मास्तर, हात चांगला आहे तुमचा. पुढच्या अधिवेशनात बोलू. नक्की." आणि ते गेले.

पी. ए. नी चित्राला क्रमांक दिला, शिक्का मारला आणि चंपतरावांना पोचपावती लिहून दिली. पाच मिनिटं संपली होती. त्यांतली अजिंठ्यानं घेतली नव्हती तेवढी सगळी चंपतरावांना मिळाली होती.

फाटकाबाहेर साठ चेहरे वाट बघत होते. "काय झालं? काय म्हणाले?"

"पुढच्या अधिवेशनात," पांढरीपांडे म्हणाले, आणि पाटीला टेकून उभे राहिले. चंपतरावांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी चार लोकांत शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

देवाजी मास्तर झाडाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. चंपतराव त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले आणि सगळं सांगितलं. पावलासकट.

म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. पिशवीतून कागदांची चळत डोकावत होती. एकतीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांची निवडक चित्रं, साहेबांना दाखवायला आणलेली. "मले काडी सापडत नव्हती," ते म्हणाले. "तुम्ही जरासे थांबले असते तं?"

"तं पोरगी घरी बसली असती."

देवाजी मास्तरांनी चष्म्याच्या काडीला पुन्हा दोरा गुंडाळला. "केंद्र मिळालं?"

"मिळालं."

"चांगलं झालं," ते म्हणाले. मग पिशवीचं तोंड घट्ट बांधत म्हणाले, "पण मले राग आला आहे. तो मी काही लपवत नाही."

"नका लपवू जी," चंपतराव म्हणाले.

मार्च महिन्यात सुभद्रा भिवापुरातच, स्वतःच्या शाळेत, खिडकीजवळच्या बाकावर मॅट्रिकला बसली, आणि पवनीच्या पाहुण्यांना चंद्रभाननी 'पोरगी शिकून राहिली' असं कळवून टाकलं. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी तीन वाजता चंपतरावांच्या खिशात पोचपावती होती, भिवापूरची शेवटची एस. टी. साडेचारला होती, आणि तिथून निघून जायला त्यांना कुणाचीही आडकाठी नव्हती.

मास्तर मंडळींनी मात्र दुसरंच ठरवलं. हात हलवत परत जायचं नाही, पोलिसांचा दोर ओलांडून अटक करून घ्यायची. एकेक करून, शांतपणे, पाट्या सरळ धरून ते पलीकडे जाऊ लागले. रुपराव शिपाई पोलीस गाडीच्या मागच्या दाराशी वही घेऊन उभा होता आणि प्रत्येकाला नाव विचारून वर चढवत होता. संध्याकाळी सोडणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कित्येकांचे चेहरे पांढरे पडले होते. त्यांतल्या एकानंही यापूर्वी वर्गातल्या गडबडीपलीकडे कुठला दंगा पाहिला नसावा.

देवाजी मास्तरांना पिशवी आणि पाटी दोन्ही सांभाळवेना. चंपतरावांनी पाटी घेतली. या वेळी ती त्यांच्यापुढे कुणी केली नव्हती. दोराशी आल्यावर ते थबकले. ग्रँट, हेडमास्तर, केशवरावांचा कोट, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. त्यांनी डोळे पुसले, खाली वाकले आणि पलीकडे गेले.

"नाव?" रुपरावनं विचारलं.

"चंपतराव लांजेवार."

"गाव?"

"भिवापूर."

"विषय?"

गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून पांढरीपांडे थांबले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"ड्रॉइंग," चंपतराव म्हणाले.

रुपरावनं ते लिहून घेतलं. गाडीत बाकांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. चंपतराव पाटी पोटाशी धरून दाराच्या दांडीला लोंबकळत उभे राहिले. गाडी सुरू झाली तसा त्यांचा तोल गेला.

पांढरीपांड्यांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं. "सरका हो जरा," ते रागानंच म्हणाले. "मास्तरांना बसू द्या."

चंपतराव बसले.